रुचकीवरचे फुलपाखरू आणि रुचकीवरचा टोळ



रुचकी कोणाला माहीत नाही? पुस्तकात तिला रुई म्हणतात. आपल्या गावात ती कोणी लावत नाही, तरी ती सगळीकडे असते. बांधावर असते, उकिरड्याजवळ असते, रस्त्याच्या कडेला असते आणि आपल्या शाळेच्या कुंपणापलीकडे पण आहे. पाऊस कमी झाला तरी ती हिरवीगार राहते. पान तोडले की पांढरा चीक निघतो. गाय आणि म्हैस तिला तोंड लावत नाहीत. शेळी एखादे पान ओरबाडते आणि पुढे जाते.

शनिवारी मारुतीला रुचकीच्या पानांचा हार घालतात. आपल्या जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. तिथे समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनी गावोगाव मारुती स्थापन केले. म्हणून मारुती आणि मारुतीचा हार आपल्याला लहानपणापासून माहीत असतो. पण हारासाठी पान तोडताना ते उलटे करून कोणी बघत नाही. पानाच्या खाली लई गंमत असते.

आम्हाला चौथीला परिसर अभ्यासात प्राण्यांच्या जीवनक्रमाचा धडा आहे. तो धडा झाल्यावर गुरुजी म्हणाले, "नुसतं चित्र पाठ करू नका. झाडापाशी जाऊन बघा आणि वहीत लिहा." म्हणून मी आषाढापासून भाद्रपदापर्यंत रुचकी बघितली. रोज शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर बघायची. कंपासपेटीतल्या पट्टीने मोजायची. त्या झाडावर दोन कीटकांची बिऱ्हाडे आहेत. एक फुलपाखरू आणि दुसरा टोळ. दोघे तेच पान खातात, पण दोघांची लेकरे वाढायची रीत अगदी वेगळी आहे. ती मी या लेखात सांगणार आहे.

१. रुचकीवरचे फुलपाखरू

हे फुलपाखरू सगळ्यांनी पाहिलेले आहे, फक्त नाव माहीत नसते. त्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात. इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात. त्याचे पंख तांबूस नारिंगी असतात. पंखांना काळी किनार असते आणि किनारीत पांढरे ठिपके असतात. पुढच्या पंखाचे टोक काळे असते आणि त्यात पांढरा पट्टा असतो. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत सात ते आठ सेंटिमीटर भरतात. ते घाईने उडत नाही. हळूहळू, निवांत उडते.

नर कोणता आणि मादी कोणती हे पण ओळखता येते. मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात. मादीला तीन असतात. नराला एक जास्त असतो, म्हंजे चार. मी कुंपणाजवळ एका दिवसात सात फुलपाखरे बघितली. त्यात चार नर होते आणि तीन माद्या होत्या.

आणखी एक गंमत. कीटकाला सहा पाय असतात असे आपण शिकलो. पण हे फुलपाखरू बसले की चारच पाय दिसतात. मी तीनदा मोजले तरी चारच. मग गुरुजींनी सांगितले की पुढचे दोन पाय अगदी आखूड असतात आणि ते छातीजवळ दुमडलेले असतात. चालायला ते कामाला येत नाहीत.

आता त्याच्या जीवनक्रमाची माझी वही वाचा.

दिवस १ : मादी पानाच्या कडेवर बसली. तिने पोट वाकवून पानाच्या खालच्या बाजूला एक अंडे घातले आणि उडाली. अंडे पांढरे, चकचकीत, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. एका जागी एकच.

दिवस ४ : अंड्याचा वरचा भाग काळा दिसतो.

दिवस ५ : अळी बाहेर आली. तीन मिलिमीटर. तिने आधी अंड्याचे टरफल खाल्ले.

दिवस ६ : अळी पानाच्या खालून गोल गोल कुरतडते. गुरुजी म्हणाले, ती आधी चिकाची वाट तोडते. चीक यायचा थांबला की मग मधले पान खाते. एवढ्या बारक्या जिवाला एवढी अक्कल!

दिवस १२ : दीड सेंटिमीटर. दोनदा कात टाकली.

दिवस १९ : चार सेंटिमीटर. अंगावर पांढरे, काळे आणि पिवळे पट्टे. पाठीवर शिंगांसारख्या काळ्या लांब दोऱ्या, तीन जोड्या. पुढे दोन, मध्ये दोन, मागे दोन. पाय सोळा. पुढचे सहा पाय टोकदार आणि मागचे दहा मांसल.

दिवस २० : खाणे बंद. पानाच्या मागे रेशमाची बारीक गादी केली आणि तिला मागच्या पायांनी धरून उलटी लटकली.

दिवस २१ : सकाळी बघते तर अळी नाही. तिथे हिरवा कोश लटकत होता. दीड सेंटिमीटरचा. त्याच्यावर सोन्यासारखे चमकणारे बारीक ठिपके होते.

दिवस २८ : कोश काळपट झाला. आतून पंखाचा नारिंगी रंग दिसतो.

दिवस २९ : प्रार्थनेच्या आधी कोश फुटला आणि फुलपाखरू बाहेर आले. पंख ओले आणि चुरगळलेले होते. ते कोशाच्या टरफलाला धरून लटकले. हळूहळू पंख सरळ झाले. दुसऱ्या तासानंतर बघितले तर ते उडून गेले होते.

म्हणजे अंडे चार दिवस, अळी सोळा दिवस आणि कोश आठ दिवस. थंडीत याला जास्त दिवस लागतात असे गुरुजी म्हणाले.

सगळ्या अळ्यांचे फुलपाखरू होत नाही. मी पाच अळ्या बघत होते. दोघींचेच कोश झाले. दोन अळ्या कुठे गेल्या ते कळले नाही. पाचवीच्या अंगात एका माशीची पिल्ले वाढत होती. ती माशी अळीच्या अंगावर अंडी घालते. ती अळी मेली.

फुलपाखरू झाल्यावर ते पान खात नाही. त्याला चावायला जबडाच नसतो. त्याच्या तोंडाला गुंडाळलेली सोंड असते. ती सरळ करून ते फुलातला रस पिते. मग पानाचे नुकसान कोण करते? त्याचे लेकरू करते. आई रस पिते आणि लेकरू पान खाते. दोघांचे ताट वेगळे.

२. रुचकीवरचा टोळ

आता दुसरे बिऱ्हाड. याला कोणी टोळ म्हणते, कोणी नाकतोडा म्हणते. हा साधा हिरवा नाकतोडा नाही. हा रंगीत असतो. अंगावर पिवळे आणि निळसर हिरवे पट्टे, जणू पोळ्याला रंगवलेला बैल. पुढचे पंख हिरवट आणि त्यांवर पिवळे ठिपके. खालचे पंख फिकट लाल. ते उडतानाच दिसतात. मिशा आखूड असतात. मी मोजलेली सर्वांत मोठी मादी साडेपाच सेंटिमीटर भरली. नर थोडा लहान असतो.

हा टोळ चपळ नाही. हात जवळ नेला तरी लवकर उडत नाही. फांदीच्या मागच्या बाजूला सरकतो आणि डोकावून बघतो. आपण त्या बाजूला गेलो की तो या बाजूला येतो.

मादी अंडी पानावर घालत नाही. जमिनीत घालते. बांधाजवळच्या भुसभुशीत मातीत एक मादी पोटाचा मागचा भाग रोवून बसलेली मी बघितली. खूप वेळ हलली नाही. ती मातीत खोल एकाच जागी शंभराहून जास्त अंडी घालते आणि त्यांच्याभोवती फेसासारखा पदार्थ सोडते. तो वाळला की अंडी सुरक्षित राहतात. एवढी अंडी जमिनीत असतात, म्हणून नांगरट केली की कितीतरी वर येतात आणि पाखरे वेचून खातात. आमचे आबा सांगतात, "नांगरामागं बगळे उगीच फिरत न्हाईत."

अंड्यातून जे पिल्लू निघते ते अळी नसते. ते टोळच असते, फक्त लहान. त्याला डोके, मिशा, सहा पाय, मागच्या लांब तंगड्या, सगळे असते. फक्त पंख नसतात. पिल्लाचा रंग हिरवट पिवळा असतो आणि त्यावर काळ्या बारीक खुणा आणि लाल ठिपके असतात. मी बघायला लागले तेव्हा एका झाडावर एकोणीस पिल्ले होती. बोटाच्या एका पेराएवढी. सगळी एकाच फांदीवर गर्दी करून बसत.

मग ती कात टाकतात. जुनी कातडी लहान पडते म्हणून टाकावी लागते. आपला सदरा लहान झाला की आपण धाकट्या भावाला देतो, तसे. मला रुचकीखाली त्यांच्या पांढऱ्या काती सापडल्या. त्या मी वहीत चिकटवल्या आहेत. अशी पाच-सहा वेळा कात टाकतात. प्रत्येक वेळी पिल्लू थोडे मोठे होते. नंतर पाठीवर पंखांचे कोंब दिसतात. ते आधी गव्हाच्या दाण्याएवढे असतात, मग मोठे होतात. शेवटची कात टाकली की पूर्ण पंख येतात. मला पहिला पंखवाला टोळ दिसायला सुमारे दोन महिने लागले. मधे कोश नाही. झोप नाही. कोशासारखे खाणे बरेच दिवस बंद राहत नाही.

टोळाचे पिल्लू पान खाते, टोळ पण तेच पान खातो. आई आणि लेकरू एकाच ताटात जेवतात. म्हणून भाद्रपदात त्या रुचकीच्या नुसत्या शिरा राहिल्या.

३. दोघांमध्ये साम्य

(१) दोघेही कीटक आहेत. डोके, छाती आणि पोट असे शरीराचे तीन भाग. सहा पाय. दोन मिशा. चार पंख.

(२) दोघेही अंडी घालतात.

(३) दोघेही वाढताना कात टाकतात.

(४) दोघांचे आवडते झाड रुचकी.

(५) दोघेही भडक रंगाचे आहेत आणि दोघेही हळू आहेत.

पाचवे साम्य लिहिताना मला प्रश्न पडला. हिरवा नाकतोडा गवतात लपतो, कारण तो दिसला की पाखरू त्याला खाईल. मग हे दोघे एवढे नटून उघड्यावर का बसतात? यांना भीती का नाही? मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, साळुंकी यांना कामून खात न्हाई?"

गुरुजींनी सांगितले ते असे. रुचकीच्या चिकात विष असते. ते हृदयावर परिणाम करते. म्हणून गुरे तिला खात नाहीत. पण या दोघांना ते विष बाधत नाही. उलट ते विष त्यांच्या अंगात साठून राहते. फुलपाखराच्या बाबतीत अळी ते साठवते आणि ते कोशातून फुलपाखरात येते. नवीन पाखराने एखादे फुलपाखरू खाल्ले तर त्याला ते कडू लागते, उलटी होते. मग ते पाखरू तो रंग ध्यानात ठेवते आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणजे भडक रंग ही पाटी आहे. "मला खाऊ नका" अशी.

टोळाचे पिल्लू याहून पुढे आहे. त्याला कोणी चिमटीत धरले की ते पाठीवरून, पोटाच्या सुरुवातीच्या जागेतून, पिचकारी मारते. ती दोन इंच किंवा जास्त लांब जाते. माझ्या वर्गातल्या एकाच्या सदऱ्यावर उडाली होती. डोळ्यांत जाऊ नये म्हणून पिल्लाला हातात धरू नये.

या पाटीची चोरी करणारे एक फुलपाखरू पण आहे. त्याला छोटा चांदवा म्हणतात. त्याचा नर काळा असतो आणि पंखांवर पांढरे गोल चांद असतात. पण मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी असते. ती विषारी नाही. तिची अळी घोळ खाते, तोच घोळ ज्याची आपण भाजी करतो. पण पाखरांना वाटते की ही कडू आहे, म्हणून तिला सोडतात. ती ओळखायची खूण म्हणजे मागच्या पंखाचे ठिपके. बिबळ्या कडव्याला तीन किंवा चार असतात. छोट्या चांदव्याच्या मादीला फार तर एक असतो.

४. दोघांमध्ये फरक

अंडी : फुलपाखरू पानावर एकेक घालते. टोळ जमिनीत एका जागी शंभरावर घालतो.

पिल्लू : फुलपाखराची अळी आईसारखी दिसत नाही. टोळाचे पिल्लू आईसारखेच दिसते.

अवस्था : फुलपाखराच्या चार, म्हणजे अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू. टोळाच्या तीन, म्हणजे अंडे, पिल्लू आणि टोळ.

कोश : फुलपाखराला असतो. टोळाला नसतो.

तोंड : अळीला जबडा, फुलपाखराला सोंड. टोळाला जन्मभर जबडाच.

खाणे : अळी पान खाते, फुलपाखरू रस पिते. टोळ आणि त्याचे पिल्लू दोघे पान खातात.

मागचे पाय : फुलपाखराचे बारीक. टोळाचे लांब आणि जाड, उडी मारायला.

पंख : फुलपाखराच्या पंखांवर बारीक खवले असतात. धरले की बोटाला रंगासारखे लागतात. टोळाचे वरचे पंख चामड्यासारखे असतात आणि खालचे पातळ पंख पंख्यासारखे घडी होतात.

मोठ्या इयत्तेत याला पूर्ण रूपांतरण आणि अपूर्ण रूपांतरण म्हणतात. फुलपाखराचे पूर्ण, टोळाचे अपूर्ण. अपूर्ण म्हणजे काही कमी आहे असे नाही. टोळ फक्त रूप न बदलता वाढतो. आपण पण तसेच वाढतो. आपल्याला कोश नसतो.

५. अळी दिसली की मारायची का?

हा भाग मी मुद्दाम लिहिते आहे.

आपल्या गावात फुलपाखराला कोणी मारत नाही. बारकी लेकरे त्याच्या मागे पळतात. पण अळी दिसली की पहिली चप्पल काढतात. टोळाला पण दगड मारतात. टोळाचे पिल्लू टोळासारखे दिसते, म्हणून मारणाऱ्याला निदान माहीत असते की आपण टोळ मारतो. पण अळी मारणाऱ्याला माहीत नसते की आपण फुलपाखरू मारतो. अळी आईसारखी दिसत नाही, म्हणून ती जास्त मरते.

लोक असे का करतात ते पण खरे आहे. आपला भाग कपाशीचा आणि मोसंबीचा. २०१७ साली मराठवाड्यात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती. बोंडे आतून पोखरली गेली. त्या वर्षाचे नाव काढले की आमचे बाबा गप्प होतात. आबा म्हणतात, "अळी म्हंजे शेतकऱ्याची वैरीण." मोसंबीच्या बागेत पण एक अळी असते. ती लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. हात लावला की डोक्याच्या मागून लाल शिंगे काढते आणि घाण वास येतो. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. ती मोसंबी, लिंबू आणि बेलाची पाने खाते. रोपे लहान असली तर नुकसान करते.

पण सगळ्या अळ्या एक नसतात. पुष्कळ अळ्यांचे झाड ठरलेले असते. रुचकीवरची पट्ट्यांची अळी कपाशीला तोंड लावत नाही. मोसंबीला पण लावत नाही. मी दोन अळ्यांपुढे एक दिवस कपाशीचे पान ठेवून बघितले. त्यांनी ते चाखले पण नाही. मग मी त्यांना परत रुचकीवर सोडले. ती मेली तर शेतकऱ्याचा काडीचा फायदा नाही.

आणि एक अळी तर पैसे देते. रेशमाची अळी तुतीचा पाला खाते आणि रेशमाचा कोश करते. आपल्या जालन्याला रेशीम कोषांची बाजारपेठ आहे. तिथे शेतकरी कोष विकायला नेतात. म्हणजे एक अळी वैरीण, एक अळी लक्ष्मी आणि रुचकीवरची अळी कोणाचीच काही घेत नाही. आबांना मी हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "आधी वळखावं, मंग मारावं." मला ते वाक्य आवडले.

टोळाचे मात्र थोडे वेगळे आहे. त्याची खोटी बाजू घ्यायची नाही. त्याला रुचकी आवडते, पण रुचकीचा पाला संपला की तो कधी कधी भेंडी, वांगी, पपई, कपाशी अशा झाडांवर जातो. मग नुकसान होते. पण तो थवा करून दूर देशाहून येणारा टोळ नाही. २०२० साली मे महिन्यात वाळवंटी टोळांचे थवे राजस्थान आणि मध्य प्रदेशातून आपल्या महाराष्ट्रात अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत आले होते. तेव्हा मी लहान होते. लोक ताटे आणि डबे वाजवत होते असे बाबा सांगतात. ती जात वेगळी. रुचकीवरचा टोळ लांब जात नाही. जिथे रुचकी तिथे तो. म्हणून बांधावर रुचकी असली तर तो रुचकीवर राहतो. रुचकी सगळी काढली आणि टोळ तसेच राहिले, तर ते खाणार काय? शेजारचे पीकच ना?

६. श्रमदानाविषयी माझे म्हणणे

येत्या श्रमदानात कुंपणापलीकडच्या पाचही रुचक्या तोडायच्या ठरल्या आहेत. मी गुरुजींना विचारूनच हे लिहिते. त्यांनी सांगितले, "तुझं म्हणणं भित्तिपत्रकात लिही. मुलं वाचतील, मग सगळे मिळून ठरवू."

रुचकीचा धोका खरा आहे. तिचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा लाल होतो आणि धूसर दिसते. कधी कधी सुरुवातीला दुखत पण नाही, म्हणून माणूस लक्ष देत नाही. तसे झाले तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ धुवावा आणि लगेच दवाखान्यात जावे. म्हणून फाटकाजवळच्या तीन रुचक्या तोडाव्यात असे मला पण वाटते. तिथे पहिलीची लेकरे खेळतात. त्यांना चीक म्हणजे दूध वाटते.

पण मागच्या कोपऱ्यात हौदापलीकडे दोन रुचक्या आहेत. तिथे कोणी खेळत नाही. जवळ पीक पण नाही, नुसता माळ आहे. त्या दोन ठेवाव्यात. त्यांच्याभोवती बाभळीच्या काट्या लावाव्यात. म्हणजे लहान लेकरे जाणार नाहीत. आत्ता त्या दोन झाडांवर मी मोजले ते असे : अंडी नऊ, अळ्या सहा, कोश दोन, टोळ अकरा. झाड तोडले तर अंडी आणि अळ्या दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. टोळ उडी मारून जाईल. अळीला उडी येत नाही. कोशाला तर पाऊल पण टाकता येत नाही.

पुढच्या वर्षी तिसरीची मुले चौथीत येतील. त्यांना पण हा धडा आहे. त्यांना पुस्तकातले चित्र बघायला मिळेलच. खरा कोश बघायचा असेल तर रुचकी पाहिजे.

७. तुम्ही पण करा

(१) शनिवारी हारासाठी पान तोडताना आधी उलटे करून बघा. अंडे किंवा अळी असेल तर ते पान सोडा, दुसरे तोडा. मारुतीला काही कमी पडत नाही.

(२) चिकाचा हात डोळ्याला लावू नका. पाने तोडल्यावर साबणाने हात धुवा.

(३) अळी हाताने ओढू नका. तिचे पाय पानाला घट्ट धरलेले असतात, ओढले की इजा होते. हलवायची असेल तर पानासकट हलवा.

(४) कोश दिसला तर हलवू नका. त्याच्यासमोर उभे राहून फक्त दिवस मोजा.

(५) टोळाच्या पिल्लाला चिमटीत धरू नका. पिचकारी डोळ्यांत जाईल.

(६) शेतात अळी दिसली तर ती कोणत्या झाडावर आहे ते आधी बघा. घरच्यांना विचारा. मग ठरवा.

सांगा पाहू!

(अ) बिबळ्या कडव्याचे किती पाय दिसतात आणि खरे किती असतात?

(आ) मागच्या पंखावर तीन काळे ठिपके आहेत. तो नर की मादी?

(इ) टोळाच्या जीवनक्रमात कोणती अवस्था नसते?

(ई) घोळ खाणारी अळी कोणत्या फुलपाखराची?

(उ) रुचकीवरची अळी मारली तर कपाशीला फायदा होईल का? कारण सांगा.

उत्तरे वहीत लिहून माझ्याकडे किंवा गुरुजींकडे द्या. ज्यांना कोश बघायचा आहे त्यांनी मधल्या सुट्टीत हौदाजवळ यावे. एका वेळी चौघांनीच यावे, कारण गर्दी झाली की फांदी हलते.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी